‘पूर्ण बरा हो, मग ये’

अण्णांची कंबर गेली ती १९९६ च्या दिवाळीनंतर. मी नववीत होते. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक टॉवेलचा कारखाना होता, पत्र्याचं शेड, आत सोळा लूम, त्यातले दोन अण्णा सांभाळायचे. त्या दिवशी नवीन बिम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड रूळ, लूमवर चढवायचं होतं, नेहमीच्या चार माणसांपैकी दोघं लग्नाला गावी गेलेले, मग उरलेल्या दोघांनीच उचललं. अण्णा सांगतात आवाजबिवाज काही झाला नाही, पाठीत वीज गेल्यासारखं वाटलं आणि खाली बसले ते उठताच येईना. लूमची दुरुस्ती-देखरेख बघणाऱ्या जॉबर मामांनी सायकलच्या कॅरियरवर बसवून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः घरी आले. चहा घेतला, उशाशी पाचशे रुपये ठेवले आणि अण्णांच्या हातावर हात ठेवून म्हणाले, ‘काळजी करू नको, पूर्ण बरा हो, मग ये.’ आईच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा माणूस आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत येऊन धीर देतोय, अजून काय पाहिजे. शेठ वाईट नव्हते हे मी आजही म्हणते. पण अण्णा परत कधीच लूमवर उभे राहिले नाहीत, आणि का नाही याचा विचार मी गेली कित्येक वर्षं करतेय, आणि फिरून फिरून त्या एका वाक्यापाशीच येऊन थांबते.

डॉक्टरांनी सांगितलं फळीवर झोपा, वाकू नका, वजन उचलू नका, तीन महिने आराम. आम्ही सुतारवाड्यातून फळी आणली. पहिल्या महिन्यात रोज कुणीतरी भेटायला यायचं, कारखान्यातली माणसं शिफ्ट सुटली की दारात उभं राहून ‘कसं हाय अण्णा?’ विचारायची. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून एखादा. गड्ड्याची जत्रा आली तसं सगळं गाव सिद्धेश्वराकडं लोटलं, आणि अण्णा पहिल्यांदा घरी राहिले. तिसऱ्या महिन्यात त्यांनी रोज दाढी करणं सोडलं. हे मला तेव्हा काही वाटलं नव्हतं, आता वाटतं की कंबरेपेक्षा ती दाढी जास्त गंभीर गोष्ट होती.

मार्च महिन्यात ते चालत कारखान्यात गेले. त्यांच्या दोन लूमवर दुसराच पोरगा उभा होता. शेठनी विचारलं, वाकताना कळ येते का अजून? अण्णा खरं बोलणारे, म्हणाले थोडी येते. ‘मग कशाला घाई करालायस, अजून थोडा आराम कर.’ मे मध्ये परत गेले तेव्हा जागाच नव्हती. वय ४१. आमच्याकडं अशा माणसाबद्दल एकच शब्द वापरतात, ‘घरी बसला’. तो शब्द अण्णांना चिकटला तो चिकटलाच, आणि घर चालवलं आईनं, विड्या वळून.

मी गेली चौदा वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात आहे. हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय म्हणजे कामगारांचा राज्य विमा, रजेचे अर्ज, सगळं माझ्या टेबलावरून जातं. म्हणजे कोण किती दिवस आजारी आहे हे मालकांच्या आधी मला कळतं. आणि सुरुवातीची आठ-नऊ वर्षं मी स्वतः, अण्णांची मुलगी असून, फोनवर लोकांना तेच वाक्य सांगत होते. बरे व्हा पूर्ण, मग या. अगदी मायेनं सांगत होते. त्यातला एक माणूस, पॅकिंगमधला, गुडघ्यानं आजारी होता, त्याला मी तीन वेळा हे सांगितलं आणि चौथ्या वेळी त्याचा फोनच लागला नाही. आता तो कुठं आहे मला माहीत नाही.

डोळे उघडले ते माझ्यावर आलं तेव्हा. २०२१ च्या पावसाळ्यात स्कूटी घसरली, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर सहा आठवडे. तिसऱ्या दिवशी आमच्या प्रॉडक्शनच्या मॅडमचा फोन आला. मला वाटलं पगारपत्रक कुठं ठेवलंय ते विचारतील. त्यांनी ते विचारलंच नाही. हात कसा आहे, रात्री झोप लागते का, भाकरी कोण करतंय, आणि शेवटी म्हणाल्या, तुझ्या टेबलाला कुणी हात लावला नाहीये, तू आलीस की तिथंच बसणार आहेस. मी फोन ठेवला आणि रडले. सगळ्यात आधी हातातून नोकरी जाईल ही भीती असते, दुखणं नंतर असतं, हे ज्यानं भोगलं त्यालाच कळतं.

चौथ्या आठवड्यात त्यांचा परत फोन. यावेळी प्रश्न वेगळा होता, ‘काय काय करता येतंय तुला?’ कधी येणार असं नाही, बरी झालीस का असं नाही, काय करता येतंय. मी विचार केला आणि म्हटलं, बोलता येतंय, डाव्या हातानं माउस धरता येतोय, बसता येतंय. मग सकाळी तीन तास, गाडी पाठवली, एक शिकाऊ मुलगी शेजारी बसवली, मी सांगायचं तिनं टाईप करायचं. प्लास्टर निघालं तेव्हा मी पाच तासांवर आले होते आणि दोन महिन्यांत पूर्ण वेळ. मनगट आजही थंडीत ठणकतं. म्हणजे शेठच्या हिशोबानं मी अजून ‘पूर्ण बरी’ झालेलीच नाही.

त्यानंतर मी वाचायला लागले. रात्री, मोबाईलवर, जमेल तसं. आणि एक गोष्ट सापडली ती मला झोपू देईना. कॅनडात क्वेबेक प्रांतात शेरब्रुक नावाचं गाव आहे, तिथं पात्रिक लोआझेल नावाच्या हाडांच्या डॉक्टरांनी कंबर धरल्यामुळं चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवस कामावर नसलेल्या १३० कामगारांवर अभ्यास केला, ३१ ठिकाणच्या. काहींना नेहमीचे उपचार, काहींना जास्तीचे वैद्यकीय उपचार, काहींसाठी एक वेगळंच केलं, म्हणजे तज्ज्ञ माणूस कामगाराला घेऊन थेट कामाच्या जागेवर गेला, सुपरवायझरला बोलावलं, आणि तिथं उभं राहून काम कसं होतं, कुठं वाकावं लागतं, काय बदलता येईल हे सगळ्यांनी मिळून ठरवलं. आणि चौथ्या गटाला दोन्ही. ज्यांना दोन्ही मिळालं ते नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा २.४ पट लवकर आपल्या मूळ कामावर परतले, आणि त्यात मोठा वाटा कामाच्या जागेवर जाऊन केलेल्या बदलाचा निघाला. हे छापून आलं १९९७ मध्ये. म्हणजे अण्णा फळीवर छताकडं बघत पडले होते त्याच सुमारास.

आणि फळीचं म्हणाल तर त्याच्याही आधी, १९८६ मध्येच, अमेरिकेत डॉक्टर रिचर्ड डेयो यांनी कंबरदुखीच्या लोकांना दोन गटांत टाकून बघितलं होतं, एका गटाला दोन दिवस झोपून राहा सांगितलं, दुसऱ्याला सात दिवस. दोन दिवसवाल्यांच्या कामाच्या सुट्ट्या ४५ टक्क्यांनी कमी भरल्या. तीन महिने सोडाच. साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते, हलत-चालत राहिलं तर लवकर उतरते, पाय बधिर पडणं, लघवीवरचा ताबा जाणं असली लक्षणं असतील तर गोष्ट वेगळी, तिथं ताबडतोब डॉक्टर. पण ‘मणका सरकलाय, हललास तर संपलास’ ही भीती एकदा डोक्यात बसली की माणूस स्वतःच स्वतःला बांधून घालतो. अण्णा कितीतरी वर्षं पाण्याची कळशी उचलत नव्हते. दुखत होतं म्हणून नाही, दुखेल म्हणून.

आता कुणी म्हणेल कॅनडाचं कशाला सांगता, तिथली गोष्ट वेगळी. खरंय वेगळी आहे. पण आपल्याकडं ही गोष्ट समजायला सोलापूरकराला कॅनडापर्यंत जायचीही गरज नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच, जड काठ्या निघतात, त्या पेलणारे मानकरी काय एकदम त्या दिवशी उचलतात का? आधी कितीतरी दिवस रात्रीचा सराव चालतो, गल्लीगल्लीत आपण बघतो. कमरेला पट्टा बांधतात, आजूबाजूला हात लावायला माणसं तयार असतात, एक दमला की दुसरा पुढं होतो, आणि जो बाजूला झाला तो तिथंच सोबत चालत राहतो, त्याला कुणी घरी पाठवत नाही. वजन हळूहळू वाढवायचं, एकट्यावर सोडायचं नाही, दमलेल्याला मिरवणुकीच्या बाहेर काढायचं नाही. देवाच्या कामात आपण हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या करतो. तेच बिम उचलताना का विसरतो, हा माझा खरा प्रश्न आहे.

आमच्या हेमिंगमधल्या एका काकूंचं सांगते. टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या, एकवीस वर्षांचा हात, डोळे मिटून सरळ शिलाई मारतील. मागच्या वर्षी उजवा खांदा धरला, हात वर होईना, वेणीसुद्धा मुलगी घालायची. सहा आठवडे घरी. मुलगा म्हणाला आता बास कर आई. सुपरवायझर म्हणाला मशीनवर बसणं जमणार नाही त्यांना, दुसरी बाई बघू. मी म्हटलं थांबा, एकदा त्यांना बोलवू, नुसतं बघायला.

त्या आल्या, पदरानं खांदा झाकून, पाहुणीसारख्या दारातच उभ्या. मी, सुपरवायझर, त्या आणि आमचा मेंटेनन्सचा माणूस असे चौघं त्यांच्या मशीनपाशी गेलो. म्हटलं काकू बसा आणि एक टॉवेल शिवून दाखवा, दुखलं की थांबा. त्यांनी शिवला. दुखलं नाही. दुसरा शिवला. नाही दुखलं. सुपरवायझर माझ्याकडं बघायला लागला. मग डझन पूर्ण झाल्यावर त्या उठल्या, डाव्या बाजूला जमिनीवर ठेवलेला नवीन गठ्ठा घ्यायला वाकल्या, आणि तो टेबलावर चढवताना ‘आई गं’ म्हणून थांबल्या. बस. पाच-साडेपाच किलोचा गठ्ठा, जमिनीवरून खांद्याच्या उंचीच्या फळीवर, दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. शिलाई त्यांना जमत नव्हती असं कधीच नव्हतं. शिलाईच्या आधीची आणि नंतरची ती दोन मिनिटं जमत नव्हती, आणि आम्ही त्या दोन मिनिटांसाठी एकवीस वर्षांचा हात घालवायला निघालो होतो.

मेंटेनन्सच्या माणसानं भंगारातल्या अँगलची एक घोडी बनवली, टेबलाच्या उंचीची, खाली चाकं. हेल्पर गठ्ठा त्या घोडीवर आणून ठेवतो, काकू नुसता सरकवतात. झालेला माल दुसऱ्या घोडीवर. खर्च नऊशे रुपयांच्या आत. पंधरा दिवसांनी शेजारच्या मशीनवरच्या बायका म्हणायला लागल्या आम्हाला पण पाहिजे घोडी. आता अकरा मशीनपाशी आहेत. आणि या बायका अजून आजारी पडलेल्या नाहीत, म्हणजे एका आजारी बाईसाठी शोधलेली गोष्ट दहा जणींचा खांदा वाचवतेय. आजारपण टाळणं आणि आजारी माणसाला परत आणणं ही दोन वेगळी खाती नाहीत असं मला त्या घोड्यांकडं बघून कळलं, अजून कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर एवढं पटलं नसतं.

वजनाचंच बघा ना. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यासाठी नायॉश म्हणून सरकारी संस्था आहे, तिच्या हिशोबात सगळं अगदी अनुकूल असलं, वस्तू अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, धरायला चांगली, वळायला लागत नाही, तरी एका माणसानं उचलायची मर्यादा २३ किलो धरलीय. आणि जमिनीवरून उचलायचं असेल, हात लांब करावे लागत असतील तर अजून कमी. आपल्याकडं सुताचं पोतं पन्नासच्या घरात जातं आणि माणूस ते पाठीवर घेऊन जिना चढतो. मे महिन्यात, वर पत्रा तापलेला, बाहेरच त्रेचाळीस डिग्री.

पण सगळंच जमलं असं नाही, आणि जे जमलं नाही ते सांगायलाच पाहिजे. बिम भरणाऱ्या खात्यातला एक तिशीतला मुलगा, कंबर धरली, तीन आठवड्यांनी आला, मी उत्साहात त्याला चेकिंगला बसवला, बसून काम, पंखा, सगळं. त्याच्या खात्यातल्या दोघांना काहीच सांगितलं नाही. त्याचं वजन उचलायचं काम त्या दोघांवर पडलं, पगार तेवढाच. चौथ्या दिवसापासून टोमणे सुरू. ‘साहेब आले’, ‘आम्हाला पण कंबर हाय की’. जेवायच्या सुट्टीत त्याच्यासोबत कुणी बसेना. तीन आठवड्यांत तो सोडून गेला. त्याची कंबर तेव्हा जवळजवळ ठीक होती. चूक माझी होती. टोरंटोतल्या एका संशोधन संस्थेनं कामावर परतण्याबद्दल सात तत्त्वं काढली आहेत २००७ साली, त्यातलं एक हेच आहे की परत येणाऱ्याची सोय करताना सहकाऱ्यांना आणि सुपरवायझरला तोटा होऊ द्यायचा नाही. मी ते नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर त्या दोघांना त्याच दिवशी बोलावलं असतं, सहा आठवड्यांसाठी एक बदली हेल्पर दिला असता, निदान त्यांना विचारलं तरी असतं.

आणि दुसरी अडचण टोमण्यांपेक्षा मोठी आहे, ती म्हणजे नगावरची मजुरी. सोलापुरात लूम असो, शिलाई असो, विडी असो, जेवढा माल तेवढा पैसा. मग हलकं काम द्या म्हटलं तर हलक्या कामाचा दर कमी, आणि मूळ काम हळू केलं तर नग कमी. दोन्हीकडून तोटा आजारी माणसाचाच. तो काय करेल? एकतर दुखणं लपवून पूर्ण ताकदीनं काम करेल आणि महिन्याभरात परत मोडेल, नाहीतर येणारच नाही. आम्ही आता असं करतो की परत येणाऱ्याला सहा आठवडे आधीच्या तीन महिन्यांची सरासरी मजुरी द्यायची, नग मोजायचेच नाहीत. मालकांना हे पटायला वेळ लागला. पटलं ते कशानं, तर मी त्यांना विचारलं की धोट्याचा आवाज बदलला तर मान न वळवता ओळखणारा माणूस नवीन तयार करायला किती दिवस लागतात. ते स्वतः लूमवर वाढलेले आहेत. गप्प बसले आणि सही केली.

कायद्याचं थोडं सांगते, कारण ते माझं रोजचं काम आहे आणि इथंच गाठ बसलीय. ईएसआयचा मूळ कायदा १९४८ चा, फार मोठी गोष्ट आहे ती, मी त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, कामावर अपघात झाला असेल तर तात्पुरतं अपंगत्व असेपर्यंत ९० टक्के. अण्णांना यातला एक पैसा मिळाला नाही कारण त्या शेडमध्ये कागदावर माणसंच कमी दाखवलेली. असो. पण जिथं ईएसआय आहे तिथंही घडण अशी की ज्या दिवशी माणूस काम करतो त्या दिवसाचा आजारी भत्ता नाही. बरोबरच वाटतं ऐकायला. पण याचा अर्थ असा होतो की एकतर तू पूर्ण आजारी, नाहीतर पूर्ण फिट. मधलं काही नाही. सकाळी तीन तास येऊन बघतो, ही वाटच नाही. मी पगाराच्या मर्यादेच्या वर होते म्हणून मॅडमना माझ्यासाठी तीन तासांची सोय करता आली, लूमवरच्या माणसासाठी ती करायची तर मालकाला स्वतःच्या खिशातून पूर्ण दिवस मांडावा लागतो.

बाहेर ही मधली वाट केलेली आहे. ब्रिटनमध्ये डॉक्टरांची आजारपणाची चिठ्ठी २०१० मध्ये बदलली, आधी त्यात कामाला योग्य नाही एवढंच असायचं, आता दुसरा एक रकाना असतो, ‘या सोयी केल्या तर काम करू शकेल’, आणि खाली चार गोष्टी, हळूहळू तास वाढवत परत येणं, कामाच्या वेळा बदलणं, कामात बदल, जागेत बदल. फिनलंडमध्ये २००७ पासून अर्धवेळ आजारी भत्ता आहे, अर्धा दिवस काम आणि अर्ध्याचा भत्ता. आपल्याकडं फिटनेसचं सर्टिफिकेट येतं त्यावर एक ओळ आणि एक शिक्का. मी डॉक्टरांना दोष देत नाही, त्यांच्या दारात रांग असते, आणि त्या बिचाऱ्यांना हेमिंगच्या मशीनपाशी गठ्ठा कुठं ठेवतात हे कसं माहीत असणार. म्हणून मी आता कामगाराच्या हातात एक कागद देते, त्याचं काम काय, किती वजन, किती वेळ उभं, हात कुठपर्यंत जातो, सगळं मराठीत, अर्धं पान. डॉक्टरांनी त्यातल्या कुठल्या ओळीवर फुली मारायची एवढंच. काही जण मारतात. जिथं मारतात तिथं माझं निम्मं काम सोपं होतं. आजार काय आहे ते मी विचारत नाही, ते त्याचं आणि डॉक्टरांचं.

सरकारी नोकरीत तरी बरं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लिहिलंय की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, हुद्दा कमी करता येत नाही, जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, दुसरी जागा नसेल तर जादा पद तयार करायचं. वाचून छान वाटतं. मग लक्षात येतं की हे शेडमधल्या, गल्लीतल्या, एमआयडीसीतल्या माणसाला लागू नाही. १८७७ मध्ये इथं पहिली कापड गिरणी उभी राहिली तेव्हापासून हे गाव माणसांच्या खांद्यावर आणि कमरेवर चाललंय, आणि त्या कमरेची हमी कुणाकडंच नाही.

आईचं तर त्याहून वेगळं. विडी वळणाऱ्या बाईची कामाची जागा म्हणजे तिच्याच घराची उंबऱ्याजवळची दोन फूट फरशी. मांडीवर सूप, मान खाली, पान कापायचं, भिजवलेलं, तंबाखू भरायचा, वळायचं, सूत बांधायचं, दिवसाला हजारच्या आसपास. आईच्या उजव्या अंगठ्याचं पेर आता वाकत नाही. मानेला कायम फडकं बांधलेलं. ती कधी ‘रजेवर’ गेली नाही कारण रजा द्यायला कुणी समोर नव्हतं, आणि परत कधी आली नाही कारण कुठं गेलीच नव्हती. दुखायला लागलं की विड्या कमी व्हायच्या, एवढंच व्हायचं. तिच्यासाठी कोण घोडी बनवणार? मी घरी तिला एक उंच पाट आणि पाठीला टेकायला उशी करून दिली, तेव्हा ती साठीला आली होती. तेवढं मला पंचवीस वर्षं आधी सुचलं नाही याचं वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात अण्णांना विचारलं. कट्ट्यावर बसले होते, सत्तरी पार केलीय आता. म्हटलं अण्णा, तेव्हा शेठनी पंधरा दिवसांनी बोलावलं असतं, लूमवर नाही, दुसऱ्या कशावर, तर गेला असता का? ते जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘कांड्या भरल्या असत्या की.’ कांड्या भरणं म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळणं, बसून करायचं काम, आमच्याकडं बहुतेक बायकाच करतात, लूमवाला पुरुष त्याला कमीपणा मानेल असं मला वाटायचं. म्हटलं चाललं असतं तुम्हाला? ‘आवाज तरी आला असता लूमचा,’ म्हणाले. पायजम्याच्या खिशात हात घातला आणि धागा कापायची ती छोटी कात्री काढून नखं कापायला लागले. ती कात्री तीच आहे, कारखान्यातली.

परवा आमच्या डाईंग खात्यातला एक जण ओल्या फरशीवर घसरला, घोटा मुरगळलाय, हाड मोडलेलं नाही. फरशीवर खडबडीत पट्ट्या टाकायचं काम आजच मेंटेनन्सला सांगितलंय, उद्या दुपारपर्यंत व्हायला पाहिजे. आज तिसरा दिवस. चार वाजता त्याला फोन करायचाय. आधी घोट्याचं विचारीन, मग झोपेचं, मग सांगीन की तुझ्या जागेवर बदली माणूस ठेवलाय पण तो बदलीच आहे, आणि त्याला हे त्याच्या बायकोसमोर स्पीकरवर सांगीन म्हणजे दोघांनीही ऐकलेलं असेल. बसून करायच्या कामांची यादी केलीय, रंगाचे नमुने लावून ठेवणं, लॉटचे कागद भरणं, स्टोअरला मदत. त्यातलं काय जमेल ते मात्र तो सांगेल.